देह आपला, दिशा परक्या

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात सकाळच्या वेळी हमखास दिसणारे हे दृश्य आहे. खांदा धरून बसलेली सत्तरीची आजी बाकावरून उठते आणि तपासणीच्या टेबलापाशी येते. नुकताच वॉर्डात येऊ लागलेला विद्यार्थी तिला सांगतो, ‘‘आजी, हात वर करा.’’ आजी हात समोरून वर नेते. विद्यार्थ्याला तो बाजूने वर जायला हवा असतो, कारण त्याच्या कागदावर ‘अ‍ॅबडक्शन’ हा रकाना भरावयाचा राहिलेला असतो. ती क्रिया लॅटिनोद्भव शब्दात त्याला पाठ असते. पण समोर उभ्या असलेल्या मराठी माणसाकडून ती करवून कशी घ्यावी, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. आजी समोरून हात उचलते आणि कागदावर नोंद होते ती बाजूने हात उचलल्याची.

चूक क्षुल्लक वाटते, पण तशी ती नाही. हात समोरून किती वर जातो आणि बाजूने किती वर जातो, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खांद्याचा कोणता स्नायू दुखावला आहे, याचा अंदाज त्यावरूनच बांधला जातो. म्हणजे भाषेतली गफलत थेट निदानात उतरते. तरीही ‘वैद्यकीय शिक्षणात मराठी’ हा विषय निघाला की, हे सारे भावनेचे, अस्मितेचे प्रश्न आहेत, विज्ञानाशी त्यांचा काय संबंध, असे म्हणून विद्वज्जन मान उडवितात. या मान उडविण्याचाच एकदा नीट विचार झाला पाहिजे.

वैद्यकाची बाराखडी

शरीरशास्त्राच्या पहिल्या तासाला हाडे नव्हे, स्नायूही नव्हे, तर दिशा शिकवितात. प्रथम एक संकेत ठरविला जातो. देह ताठ उभा, दृष्टी समोर, पावले समोर, हात दोन्ही बाजूंना आणि तळहात पुढे वळविलेले. रुग्ण खाटेवर कसाही पडलेला असो, वर्णन करताना तो असाच उभा आहे असे मानावयाचे. मग त्या देहाला वर-खाली, पुढे-मागे, मध्याकडे-कडेला, धडाच्या जवळ-धडापासून दूर, वरवर-खोल अशा दिशा येतात. त्यानंतर हालचाली : वाकविणे, पसरणे, दूर नेणे, जवळ आणणे, फिरविणे. हीच वैद्यकाची बाराखडी. ती ज्याची कच्ची राहिली, त्याचे पुढचे सारे वाचन चाचपडतच होते.

या बाराखडीतला एक नियम नवशिक्या विद्यार्थ्याला फार छळतो. उजवे-डावे हे पाहणाऱ्याचे नव्हे, तर रुग्णाचे धरावयाचे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला येतो, आणि क्ष-किरणचित्र पाहतानाही हेच भान ठेवावे लागते. इंग्रजी पुस्तके यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची घालतात. मराठी घरातल्या मुलाला मात्र हे एका वाक्यात सांगता येते. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कोणाच्या उजव्या? भक्ताच्या नव्हे, गणपतीच्या! सिद्धटेकच्या किंवा मुंबईच्या सिद्धिविनायकासमोर उभे राहून ज्याने हे एकदा पाहिले, तो शरीरशास्त्रातले उजवे-डावे जन्मात विसरणार नाही. हे उदाहरण किती अध्यापक वर्गात देतात?

एका अक्षराचा खेळ

इंग्रजी परिभाषा नेमकी आणि मराठी मोघम, असा एक समज सुशिक्षितांमध्ये घट्ट रुतून बसला आहे. तो किती पोकळ आहे, हे याच बाराखडीतल्या एका जोडीवरून दिसते. हात वा पाय देहाच्या मध्यरेषेपासून दूर नेणे म्हणजे अ‍ॅबडक्शन आणि मध्यरेषेकडे आणणे म्हणजे अ‍ॅडक्शन. अर्थ परस्परविरुद्ध, उच्चारात फरक एका व्यंजनाचा. ऐकण्यात घोटाळा होतो म्हणून इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ते डॉक्टरसुद्धा टिपणे सांगताना सुरुवातीची अक्षरे सुटी सुटी उच्चारतात : ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’. ज्या भाषेला नेमकेपणाचे प्रमाणपत्र दिले जाते, तिला शब्द फोडून सांगावा लागतो!

मराठीत याच क्रियांना अपनयन आणि उपनयन म्हटले तर? येथेही फरक एकाच स्वराचा आहे, हे खरे. पण अपकार आणि उपकार यांत गल्लत करणारा मराठी माणूस कोठे सापडेल काय? ‘अप’ म्हणजे दूर आणि ‘उप’ म्हणजे जवळ, हे त्याला व्याकरणाच्या तासाआधीच ठाऊक असते. गुरूने बटूला जवळ घेण्याचा संस्कार म्हणून तर मुंजीला उपनयन म्हणतात. इंग्रजी शब्दाचे पूर्वपद लॅटिन असल्याने ते केवळ पाठ करावे लागते. येथे मात्र शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो.

तळहाताचेही तेच. तळहात वर वळविणे म्हणजे सुपिनेशन आणि खाली वळविणे म्हणजे प्रोनेशन. हे लक्षात राहावे म्हणून इंग्रजी विद्यार्थ्याला ओंजळीत सूप धरल्याची कल्पना करावयास सांगतात. मराठी विद्यार्थीही तेच सूप मुकाट्याने पितो! तीर्थ घेणारा हात उत्तान असतो आणि मस्तकावर आशीर्वाद देणारा हात अधोमुख, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. माणूस उताणा पडला की पालथा, कुशीवर वळला की उकिडवा बसला, हे खेड्यातली निरक्षर बाईसुद्धा अचूक सांगते. देहाच्या स्थितींचे हे भांडार घरात असताना मराठी मुलाला दारोदार फिरविण्याचे कारण काय?

सुश्रुताची साक्ष

हे शब्द आज नव्याने जुळविलेले आहेत, असेही कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अस्थिभंग आणि सांधे निखळणे यांचे प्रकरण आहे. निखळलेल्या सांध्याची सामान्य लक्षणे सांगताना सुश्रुत म्हणतो की, रुग्णाला प्रसारण, आकुंचन, विवर्तन आणि आक्षेपण करता येत नाही. आजचा अस्थितज्ज्ञ सांध्याच्या हालचाली तपासतो तो याहून निराळे काय करतो? सांधा निखळण्याचे सहा प्रकार तेथे दिले आहेत आणि त्यांतील अवक्षिप्त, तिर्यक्क्षिप्त ही नावे तर सरळ दिशावाचकच आहेत. अवक्षिप्त म्हणजे खाली सरकलेला, तिर्यक्क्षिप्त म्हणजे आडवा सरकलेला. शारीरस्थानात चोवीस धमन्या सांगितल्या आहेत : दहा ऊर्ध्वगामी, दहा अधोगामी आणि चार तिर्यग्गामी. सांध्यांचे आधी चल आणि स्थिर असे दोन वर्ग केले आहेत आणि मग आकारावरून आठ प्रकार. त्यातला ‘उलूखल’ म्हणजे उखळीसारखा सांधा आणि ‘तुन्नसेवनी’ म्हणजे शिवणीसारखा, कवटीच्या हाडांमधला. उखळ पाहिलेल्या माणसाला खुब्याचा सांधा समजावून सांगण्यास आणखी किती शब्द लागतील?

हे ज्ञान केवळ तर्काचे नव्हते. मृतदेह गवतात व सालींत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, मंद प्रवाहाच्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावा आणि मग वाळ्याच्या वा तशाच कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, अशी स्पष्ट पद्धत सुश्रुताने घालून दिली आहे. वैशेषिक दर्शनात कणादाने कर्माचे पाच भेद केले : उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. भरताच्या नाट्यशास्त्रात मांडी, पोटरी आणि पाऊल यांच्या प्रत्येकी पाच हालचाली नावानिशी सांगितल्या आहेत. म्हणजे वैद्य, तत्त्वज्ञ आणि नर्तक हे तिघेही देहाच्या गतीला नेमकी नावे देत होते. ज्या संस्कृतीत ही शिस्त होती, तिच्या वारसांना ‘तुमच्या भाषेत परिभाषाच नाही’ असे सांगितले जाते आणि वारस ते मान खाली घालून ऐकून घेतात!

सुश्रुताला सर्व काही ठाऊक होते, असा दावा करण्याचे येथे मुळीच कारण नाही. त्याने हाडे तीनशे मोजली, आजचे शास्त्र प्रौढ देहात दोनशे सहा मोजते. रक्ताभिसरणाचे आजचे ज्ञान त्याला नव्हते. पण मुद्दा ज्ञान किती होते हा नसून, ज्ञान साठविण्याची पात्रे होती की नव्हती, हा आहे. पात्रे होती आणि आजही आहेत. नवे ज्ञान त्यांत भरावयाचे की पात्रेच फेकून द्यावयाची, एवढाच प्रश्न आहे.

आणि गंमत पाहा. प्राचीन भारतीय पूर्वेकडे तोंड करून उभा राहत असे, म्हणून पूर्व ही त्याची पुढची बाजू, पश्चिम ही पाठ आणि दक्षिण हा उजवा हात. संस्कृतात ‘दक्षिण’ या एका शब्दाला उजवा आणि दक्षिणदिशा हे दोन्ही अर्थ आहेत ते यामुळेच. पश्चिमोत्तानासनात ताण पाठीला बसतो, म्हणून तेथे पश्चिम. पूर्वोत्तानासनात देहाच्या पुढच्या बाजूला, म्हणून पूर्व. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा योगविषयक इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही नावे जगभर गेली. २०१५ पासून दर २१ जूनला योगदिन साजरा होतो. परदेशी माणूस ‘ऊर्ध्वमुख’, ‘अधोमुख’ हे शब्द जीभ वळवून शिकतो. त्याला ते अवघड वाटत नाहीत. अवघड वाटतात ते पुण्या-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांना!

धागा कोठे तुटला?

हा धागा आपोआप तुटला नाही, तो तोडला गेला. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात वैद्यकाचा वर्ग चालत असे आणि १८२२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील देशी वैद्यकीय संस्थेत हिंदी लोकांना त्यांच्याच भाषेतून वैद्यक शिकवीत. १८३५ हे वर्ष उजाडले. त्याच वर्षी मेकॉलेचे ते कुप्रसिद्ध टिपण आले, त्याच वर्षी बेंटिंकच्या राजवटीत या दोन्ही ठिकाणचे शिक्षण बंद झाले आणि इंग्रजी माध्यमाचे नवे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. १८३६ मध्ये तेथे शवविच्छेदन करून इतिहासात नाव मिळविणारे पंडित मधुसूदन गुप्त हे मूळचे त्या बंद केलेल्या संस्कृत वर्गाचेच अध्यापक होते. हूपर या इंग्रज लेखकाचा शरीरशास्त्रावरील ग्रंथ त्यांनी संस्कृतात आणला होता. म्हणजे नवे पाश्चात्त्य शरीरशास्त्र भारतीय भाषेत उतरविण्याचे काम सुरू झालेले होते. ते अशक्य ठरले म्हणून थांबले नाही, नको होते म्हणून थांबविले गेले. मुंबईतही ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी आणि गुजराती वर्ग भरत असत. परक्या राजवटीत जे काही काळ चालले, ते स्वराज्यात अशक्य कसे झाले?

आंतरराष्ट्रीयतेचे बुजगावणे

यावर नेहमीचा आक्षेप येतो. वैद्यक आंतरराष्ट्रीय आहे, तेव्हा शब्दही आंतरराष्ट्रीयच हवेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्या आंतरराष्ट्रीय शब्दांचा इतिहास तरी वाचावा. युरोपात एकेका अवयवाला इतकी नावे झाली होती की, एकूण नावांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. शेवटी १८९५ मध्ये बाझेल येथे शरीरशास्त्रज्ञांनी बसून ती सुमारे पाच हजारांवर आणली. १९५५ मध्ये पॅरिसला पुन्हा दुरुस्ती झाली आणि १९९८ मध्ये आणखी एक यादी आली. त्या यादीत लॅटिन नावांशेजारी इंग्रजी प्रतिशब्द छापले आहेत. इंग्रजांनी लॅटिनशेजारी आपली भाषा ठेवली तर ती सोय, मराठी माणसाने ठेवली तर तो संकुचितपणा! मांडी घालून बसण्यास उपयोगी पडणाऱ्या मांडीच्या लांब स्नायूला लॅटिनमध्ये ‘शिंप्याचा स्नायू’ म्हणतात, कारण युरोपात तसे बसत ते शिंपी. ज्या देशात घरोघर पंगतीला सारेच मांडी घालून बसतात, तेथे हे नाव कोणत्या त्रिकालाबाधित सत्याचे द्योतक आहे?

जपानचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १७७१ मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोतील कोझुकाप्पारा या वधस्थळी सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू हे वैद्य एका मृतदेहाचे विच्छेदन पाहण्यास गेले. सोबत कुल्मुस या जर्मन लेखकाच्या शरीरशास्त्राची डच आवृत्ती होती. पुस्तकातल्या आकृत्या समोरच्या देहाशी तंतोतंत जुळल्या. परतताना त्यांनी ठरविले की, हे पुस्तक आपल्या लोकांसाठी भाषांतरित करावयाचेच. डच भाषेचे ज्ञान जेमतेम, हाताशी धड शब्दकोश नाही. तरी १७७४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. मज्जातंतूंसाठी शब्द नव्हता, तो त्यांनी चिनी अक्षरे जुळवून घडविला आणि तो शब्द जपानी माणूस आजही वापरतो. त्यांनी डच शब्द जपानी लिपीत लिहून काम भागविले नाही. जपानचे वैद्यक त्यामुळे मागे पडले, असे कोणी म्हणेल काय?

दोष आपल्या घरातही

मात्र सारे खापर मेकॉलेच्या माथी फोडून मोकळे होणे हा प्रामाणिकपणा नव्हे. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली. त्याच्या परिभाषा कोशांत शारीर परिभाषा कोशही आहे. तो किती वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गात उघडला जातो? कोश कपाटात आणि विद्यार्थी खिडकीबाहेर, अशी स्थिती आहे. शब्द समितीत जन्मला तरी तो जगतो वापरणाऱ्याच्या ओठांवर. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी घडविलेले महापौर, क्रमांक, दिनांक हे शब्द आज टिकले, ते लोकांनी वापरले म्हणून. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तोही दप्तरात वापरण्यासाठी, शोभेसाठी नव्हे.

शब्दांची निवडही डोळसपणे व्हावी लागते. ‘उत्तान’ हा शब्द उताण्या स्थितीसाठी येतो, तसाच आयुर्वेदात वरवरच्या थरातील विकारासाठीही येतो. तेथे त्याच्या विरुद्ध ‘गंभीर’ हा शब्द आहे. एका शब्दाला दोन अर्थ ठेवून शस्त्रक्रियेचे टेबल चालत नाही. कोणता अर्थ ठेवावयाचा, हे जाणकारांनी बसून ठरवावे लागेल. बाझेलला जमले, ते नाशिकला किंवा पुण्याला का जमू नये?

मध्य प्रदेशाने या दिशेने पाऊल टाकले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांच्या हस्ते वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यात शरीरशास्त्राचेही पुस्तक होते. हे धाडस निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु त्या पुस्तकांतील पारिभाषिक शब्द बहुतांशी इंग्रजीच राहिले, फक्त देवनागरीत उतरले. प्रारंभीची सोय म्हणून हे समजू शकते. पण सोयीलाच ध्येय मानले, तर लिपी आपली आणि विचार उसना, अशी गत होईल. मराठीने ही वाट चालताना पुढचे पाऊल टाकावे.

करावयाचे काय?

लॅटिन शब्द हद्दपार करा, अशी मागणी कोणीही शहाणा माणूस करणार नाही. मराठी डॉक्टरला जगाशी बोलावयाचे आहे, शोधनिबंध वाचावयाचे आहेत. मागणी इतकीच आहे की, स्थिती, दिशा आणि हालचाली यांचे शंभरएक मूळ शब्द पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी शिकविले जावेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ही यादी तज्ज्ञ वैद्य, शल्यविशारद आणि भाषाजाणकार यांच्याकडून निश्चित करून घ्यावी. २०१९ पासून पहिल्या वर्षाच्या आरंभी जो पायाभूत अभ्यासक्रम आला, त्यात स्थानिक भाषेला स्थान आहेच. ते ‘नमस्कार, काय होतंय?’ एवढ्यावर न संपता या शब्दांपर्यंत पोहोचावे. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक क्रिया रुग्णाकडून मराठीत करवून घेण्यास सांगावे. घरी जाताना रुग्णाच्या हाती पडणारा व्यायामाचा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाला उंबरठ्यापर्यंत त्याच्या भाषेने यावयाचे आणि उंबरठा ओलांडताच ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवावयाची! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्राने पेढे वाटले. अभिजातपण देव्हाऱ्यात ठेवून पुजण्याची वस्तू नव्हे. जी भाषा ज्ञानाच्या कामी येत नाही, तिचा दर्जा कागदावरच राहतो.

अस्थिरोग विभागातल्या त्या आजीला अभिजात दर्जाशी कर्तव्य नाही. तिला तिचा खांदा बरा व्हावयास हवा आहे. ‘‘आजी, हात बाजूने उचला, अंगापासून दूर न्या, आता पुन्हा अंगाशी आणा,’’ एवढी दोन वाक्ये तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकू आली आणि डॉक्टरने कागदावर ‘अपनयन’, ‘उपनयन’ असे लिहून शेजारी लॅटिन शब्दही लिहिला, तर विज्ञानाचे काही बिघडणार नाही. नोंद बिनचूक होईल आणि आजीचा खांदाही वेळेत बरा होईल. देहाला दिशा परक्या भाषेतूनच कळतात, हा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा भ्रम झटकून टाकण्यासाठी मराठी समाज आणखी कोणत्या मुहूर्ताची वाट पाहणार आहे?